चौथी बी

हार्मॅटनची धूळ उतरली होती त्या आठवड्यात,
जनरेटरसुद्धा खोकत होता.
सोल्वेगने बाजारातून कोलाच्या बिया आणल्या,
पाच लाल, पाच पांढऱ्या,
आणि गावच्या म्हाताऱ्यांपुढे
सुकलेल्या भोपळ्यात टाकल्या.

ती बोलत होती, मी मेंडेत सांगत होते:
लाल म्हणजे नवं औषध, पांढरी म्हणजे आजवरचं.
आजारी माणूस आलं की न बघता एक काढायची.
निघेल ते त्याचं.
मग ती बी परत आत,
आणि माणूस जगलं तर त्याच रंगाची अजून एक,
गेलं तर दुसऱ्या रंगाची.
एवढंच. भोपळा हळूहळू शिकत जातो.

वांडी क्पाकांनी बराच वेळ दाढी कुरवाळली.
कोला आम्ही पाहुण्याला देतो, म्हणाले,
मुलगी मागायला जाताना देतो,
मयताच्या घरीही देतो.
हा भोपळा यातलं नेमकं काय करतोय?

तेवढ्यात जनरेटर बंद पडला.
मी तो प्रश्न सोल्वेगपर्यंत पोचवलाच नाही.

वॉर्डात भोपळा नव्हता. लॅपटॉप होता,
प्लास्टिकच्या पिशवीत, क्लोरीनच्या वासाचा.
मी वय टाइप करायचे, ताप टाइप करायचे.
एक अक्षर यायचं.

येमा चौथी.
एकोणीस वर्षांची, मोआच्या पलीकडून होडीतून आणलेली,
एका कानातली रिंग वाटेत हरवलेली.
तिच्या वेळी आत पाच लाल, पाच पांढऱ्याच होत्या.
आधीच्या तिघांचं काहीच कळलं नव्हतं,
जगलं म्हणायला चौदा दिवस थांबावं लागतं.
पहिले दोन आठवडे आमच्या ‘वाचले’च्या रकान्यात
भोपळाच होता.
ताप काही थांबत नाही त्यासाठी.

पांढरी निघाली.

मरण मात्र लगेच कळवतं.
नवव्या दिवशी मी तिची उरलेली रिंग
पाकिटात घातली, वर लिहिलं ०४,
आणि तिकडे आत एक लाल बी पडली.
आवाज झाला नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.
पुढच्याच्या अंगठ्याचं काय झालं
ते म्हण सांगत नाही.
रजिस्टर सांगतं: रकाना सहा, वेळ पहाटे ४.१०.

मार्चमध्ये लाहाई आला, अडतिसावा.
तोवर आत एकोणतीस लाल, बारा पांढऱ्या,
आणि सहा जणांचं अजून कळायचं होतं.
मी सोल्वेगला म्हटलं,
त्या बारा काढून टाक ना आता.
ती म्हणाली, सुरुवातीचे लालवाले
नुसते नशिबाने वाचले असतील तर?
थोडी शंका आत राहू दे.
आणि उद्या त्या शंकेतली एक
कुणाच्या वाट्याला आली तर
त्याच्या आईला मी काय सांगू?
तिने माझ्या कपात चहा ओतला.
पुष्कळ साखर घातली.

लाहाईला लाल निघाली. तो जगला.
बूट नव्हते म्हणून माझे रबरी बूट घालून
फाटकापर्यंत गेला, फटक फटक.
त्याच्या आईने माझ्या मुठीत कोला ठेवला,
आणि विचारलं, आमच्या आधी कोण कोण होतं?
नावं सांगायची नसतात.
बरीच जणं, मी म्हटलं.
ती तिथेच उभी राहिली थोडा वेळ,
बऱ्याच जणांकडे बघत असल्यासारखी.

मूठ उघडली तर बी पांढरी.
कोला आधी कडू लागतो,
मग त्यावर प्यायलेलं पाणी गोड लागतं.
मी अर्धी चावली. पाणी प्यायले नाही.
उरलेली अर्धी पाकिटात, रिंगेशेजारी.

फाटक पुन्हा वाजलं.
एकोणचाळिसावी.
तिला दोघांनी धरलं होतं,
आणि मी नाव विचारायच्या आत
वय विचारलं.